पानं गळली तरी पांढरी मुळी चालू असते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नव्या घराला लागून तयार बाग मिळाली आहे. त्यात एक सफरचंदाचं झाड, पाच-सहा गुलाब, कुंपणालगत लायलॅक आणि हायड्रेंजिया, मधे हिरवळ, एका वाफ्यात डेलिया आणि बऱ्याच कुंड्या आहेत. पानगळ अर्ध्यावर आली आहे, पहाटे पारा शून्याच्या जवळ जाऊ लागला आहे. दोन सुट्ट्या लावून सगळं छाटावं, वाफे खणावेत, पानं पोत्यांत भरून बाहेर टाकावीत आणि बाग लख्ख करून ठेवावी का? शिवाय कोपऱ्यातलं एक झुडूप पार वाळल्यासारखं दिसतंय, ते उपटून टाकावं का?

उपटू नका. त्या झुडपाकडे शेवटी येतो. बाकीच्या कामांबद्दल माझं मत तुमच्या बेताच्या जवळजवळ उलट आहे. या दिवसांत कात्री कमी चालवायची आणि माती, पाणी, आच्छादन यांच्याकडे जास्त लक्ष द्यायचं. मी तीस वर्षं दुसऱ्यांच्या बागा सांभाळतो आहे. हिवाळा संपल्यावर मेलेली सापडलेली झाडं आठवली, तर निव्वळ थंडीनं गेलेली त्यांत थोडीच. थंडीच्या तोंडावर कुणीतरी केलेल्या चुकीच्या कामामुळे, किंवा राहून गेलेल्या साध्या कामामुळे गेलेली जास्त.

याचं कारण पानगळीतच आहे. झाड पान टाकतं तेव्हा ते मरत नसतं, आवराआवर करत असतं. पान सोडण्याआधी ते त्यातलं हरितद्रव्य मोडतं आणि पानातलं साधारण निम्मं नत्र परत फांदीत ओढून घेतं. हिरवा रंग गेला की आधीपासून खाली दडलेला पिवळा वर दिसतो. मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक नाजूक थर सुटतो, पान पडतं आणि त्या जागी बुचासारखी खपली धरते. हे सगळं वर चाललेलं असताना जमिनीखालची गोष्ट वेगळी असते. माती हवेपेक्षा फार सावकाश निवते. पहाटे गवतावर दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, असलं तरी वीतभर खाली माती अजून आठ-दहा अंशांवर असू शकते. थंड हवामानातल्या बहुतेक झाडांची मुळं माती साधारण ५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरेपर्यंत हळूहळू वाढत राहतात. वर पानं नाहीत, त्यामुळे पाण्याची मागणी कमी. उन्हाळाभर साठवलेलं अन्न खाली वापरायला मोकळं. शेतकरी जिला पांढरी मुळी म्हणतात ती, म्हणजे पाणी शोषणारी कोवळी मुळी, या आठवड्यांत चालू असते. म्हणून कामं ठरवताना मी एकच पाहतो. पांढऱ्या मुळीला आधार मिळेल ते काम आत्ता. वरच्या लाकडाला जखम होईल ते काम, काही अपवाद सोडले तर, पुढे.

आता पानांचं. पोती भरून बाहेर टाकण्याचा विचार सोडून द्या. बागेला वर्षातून एकदाच फुकट मिळणारी ही सगळ्यात चांगली वस्तू आहे. मात्र सगळी पानं एका मापानं मोजू नका.

हिरवळीवरची पानं आधी उचला. ओल्या पानांचा जाड थर आठवडा-दोन आठवडे गवतावर पडून राहिला की खाली उजेड जात नाही, गवत पिवळं पडतं आणि बुरशी धरते. थर विरळ असेल, गवताचं पातं अधूनमधून दिसत असेल, तर उचलायचीही गरज नाही. गवत कापायचं यंत्र त्यावरून फिरवा, पानांचा चुरा होऊन गवतात बसेल आणि गांडुळं तो ओढून नेतील. हे करताना यंत्राचं पातं वर घ्या. या हंगामातली शेवटची कापणी चार-पाच सेंटिमीटर उंचीवर असू द्या, त्याखाली नको. आणि पहाटे गवत दहिवरानं पांढरं झालेलं असेल तेव्हा त्यावर पाय देऊ नका. गोठलेल्या पात्यांच्या पेशी पायाखाली फुटतात आणि तुमच्या पावलांचे तपकिरी ठसे कित्येक आठवडे दिसत राहतात.

सफरचंदाची आणि गुलाबाची पानं वेगळी गोळा करा. सफरचंदावर खपल्या पाडणारी बुरशी गळलेल्या पानांतच हिवाळा काढते आणि वसंतात तिथूनच तिचे बीजाणू उडून नव्या पालवीवर बसतात. गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके होते का, आठवून पाहा. असतील तर ती पानं, आणि काड्यांना अजून चिकटून राहिलेलीही, काढून टाका. झाडावर सुकून सुरकुतलेली सफरचंदं लटकत असतील तर तीही उतरवा, कारण फळकुजीची बुरशी त्यांत तग धरून असते. हा सगळा माल घरच्या कंपोस्टमध्ये घालू नका. थंडीत घरचा ढीग एवढा तापत नाही की बुरशी मरेल. एक तर हातभर खोल पुरा, नाहीतर बाहेर द्या. पुढच्या वर्षी फवारणीची गरज या एका कामानं कमी होते.

उरलेली निरोगी पानं म्हणजे पर्णखताचा कच्चा माल. कंपोस्ट आणि पर्णखत यांत फरक आहे, तो लक्षात आला की बऱ्याच गोष्टी सुटतात. नत्र झाडानं आधीच ओढून घेतलेलं असल्यामुळे गळलेल्या पानात कर्बाचा भाग फार मोठा असतो. असा माल जिवाणूंपेक्षा बुरशी जास्त मोडते, तीही गार आणि सावकाश. म्हणून नुसत्या पानांचा ढीग कंपोस्टसारखा तापत नाही. तो तापत नाही म्हणून काहीतरी चुकलं असं समजून लोक त्यात काय काय मिसळत बसतात. काही मिसळू नका. तारेची जाळी घेऊन मीटरभर रुंद, मीटरभर उंच गोल कुंपण करा, पानं ओली करून त्यात दाबून भरा आणि विसरून जा. जागा नसेल तर मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत ओली पानं भरून, तोंड बांधून, बाजूला दहा-बारा भोकं पाडून भिंतीआड ठेवा. ओल मात्र हवीच. कोरडी पानं तीन वर्षांनीही पानंच राहतात. वर्षभरात आच्छादनाला चालेल असं अर्धवट खत मिळतं. दोन वर्षांनी हातात घेतलं तर जंगलातल्या मातीचा वास येतो आणि ते बी पेरायच्या मिश्रणातही वापरता येतं. ओक, बीच यांसारखी चिवट पानं जास्त वेळ घेतात, म्हणून ती आधी यंत्राखाली घालून बारीक केलेली बरी. पर्णखतात अन्नद्रव्यं फारशी नसतात, हे खरं. त्याचं मोल पाणी धरण्यात आणि माती भुसभुशीत ठेवण्यात आहे.

काही पानं वाफ्यातच राहू द्या. झुडपांखाली वाऱ्यानं आपोआप जमलेली पानं तिथून ओढून काढण्यात काहीच अर्थ नाही. दिवसाउजेडी मातीत ऊब शिरते ती रात्री लवकर निघून जाऊ नये म्हणून झाडानं स्वतःच पसरलेलं ते पांघरूण आहे. एवढंच पाहा की ती पानं खोडाला चिकटून ढीग झालेली नाहीत. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी हवी. ओल साठली तर साल कुजते आणि उंदरांना त्या ढिगात बसून साल कुरतडायला आडोसा मिळतो. लहान झाडांच्या खोडाला बारीक जाळी गुंडाळून ठेवलीत तर आणखी चांगलं.

वाळलेली फुलझाडं सगळी जमिनीलगत कापायची का? माझ्या मते नाही. वाळलेल्या बोंडांत पक्ष्यांना बी मिळतं, पोकळ काड्यांत एकट्या राहणाऱ्या मधमाश्या आणि मावा खाणारे चित्रांग भुंगेरे हिवाळा काढतात. शोभेची गवतं तर कापूच नका. वरचा वाळलेला पसारा खालच्या कोंबाचं पाण्यापासून आणि दहिवरापासून रक्षण करतो. जे लिबलिबीत होऊन खाली बसतं, उदाहरणार्थ होस्टाची पानं, तेवढं उचला, कारण त्याखाली गोगलगायी अंडी घालतात. आणि ज्याला भुरी किंवा ठिपके आले होते ते कापून बाहेर काढा. बाकी वसंताच्या सुरुवातीला कापता येईल. बाग थोडी अस्ताव्यस्त दिसेल हे मान्य आहे. दारासमोरचा एक वाफा लख्ख ठेवा आणि मागचे तसेच सोडा, बऱ्याच जणांना हा मार्ग पटतो.

वाफे खणण्याबद्दल विचारलंत. आधी वाफसा आहे का, म्हणजे माती काम करण्याजोगी झाली आहे का, ते पाहा. मूठभर माती दाबून गोळा करा आणि बोटानं टोचा. गोळा फुटून मोकळा झाला तर वाफसा आहे. चिकट गोळा तसाच राहिला, हाताला माखला, तर त्या दिवशी मातीत पाऊलसुद्धा टाकू नका. ओल्या मातीवर पाय पडला की कणांमधल्या हवेच्या जागा दबतात आणि पांढऱ्या मुळीला श्वास घ्यायला जागा उरत नाही. जाणं भागच असेल तर फळी टाकून तिच्यावरून चाला. मी स्वतः या दिवसांत वाफे खणत नाही. तण उपटून त्यावर दोन इंच कुजलेलं कंपोस्ट पसरतो आणि खाली नेण्याचं काम गांडुळांवर सोपवतो. अगदी भारी, चिकण माती असेल तर ढेकळं उलटून तशीच ठेवण्याची जुनी पद्धत आहे. ढेकळांतलं पाणी गोठतं, वितळतं आणि ती वसंतापर्यंत आपोआप फुटतात. ती पद्धत चालते, पण एकदाच, नवी जमीन तयार करताना. दरवर्षी नको.

रिकामा वाफा उघडा ठेवला तर हिवाळी पाऊस त्यातलं नत्र धुऊन खाली नेतो. थोडी ऊब शिल्लक असेल तर हिरवळीच्या खतासाठी राय हे तृणधान्य पेरून द्या, ती फार थंड मातीतही उगवते. वेळ गेली असेल तर पानांचं आच्छादन पुरे. चुना घालायचा असेल तर हीच वेळ, कारण त्याला मुरायला महिने लागतात. पण चुना आणि शेणखत एकाच वेळी घालू नका, शेणखतातलं नत्र अमोनिया होऊन उडून जातं. नत्राचं खत तर कुठल्याच झाडाला आत्ता नको. त्यानं कोवळी फूट निघते आणि पहिल्या कडाक्यात काळी पडते.

कडाक्याची रात्र ओळखायला शिकणं हे या दिवसांतलं सगळ्यात उपयोगी कौशल्य आहे, म्हणून यावर जरा थांबतो. दहिवर पडतं ते निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री. ढग असले तर जमिनीतून निघणारी ऊब ते परत पाठवतात. आभाळ मोकळं असलं की ती सरळ वर निघून जाते. हवामान खातं सांगतं तो पारा जमिनीपासून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर मोजलेला असतो. गवताजवळ तो तीन-चार अंशांनी खाली असू शकतो. म्हणजे अंदाज ३ अंशांचा असला तरी संध्याकाळी तयारीला लागा. गार हवा जड असते आणि पाण्यासारखी उताराकडे वाहते. तुमच्या बागेत सगळ्यात खालचा कोपरा कोणता, आणि वाहून आलेली गार हवा अडवणारं भरीव कुंपण तिथं आहे का, हे एकदा पाहून ठेवा. दोन्ही असेल तर तिथं नाजूक झाड लावू नका, कुंपणाच्या तळाशी फट ठेवता आली तर ठेवा.

झाकायचं कसं, यात बहुतेकांचं चुकतं. झाड स्वतः ऊब तयार करत नाही, त्यामुळे त्याला माणसासारखं गुंडाळून उपयोग होत नाही. ऊब जमिनीतून येते. म्हणून कापड झाडावरून तंबूसारखं खाली जमिनीपर्यंत सोडायचं आणि कडांवर दगड ठेवायचे. खोडाशी आवळून बांधलंत तर जमिनीची ऊब आत शिरतच नाही. पातळ क्रॉप कव्हर, जुनी चादर, गोणपाट काहीही चालतं. प्लास्टिक वापरलंत तर ते पानाला टेकू देऊ नका. जिथे टेकतं तिथलं पान करपतं. दिवस वर आला की उघडायचं, नाहीतर आतल्या दमटपणानं करडी बुरशी येते. आणि झाकण्याआधी, दुपारी, मातीला पाणी द्या. थंडीच्या आधी पाणी हे ऐकायला उलटं वाटतं. पण ओली माती कोरड्या मातीपेक्षा दिवसाची ऊब जास्त साठवते आणि रात्री सावकाश सोडते.

पाण्याचा आणखी एक मुद्दा आहे, आणि तो मी किंमत मोजून शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत एका घरी दाराशी कुंडीत मोठा तमालवृक्ष होता, सदाहरित, जाड पानांचा. थंडीत झाडांना पाणी नको एवढंच मला ठाऊक होतं, म्हणून मी पाणी पूर्ण बंद केलं. वसंतात तो तांबूस पडून वाळला. मी थंडीला दोष दिला. जुन्या माळ्यानं कुंडी उपडी करून दाखवली: मुळांचा गोळा भुकटीसारखा कोरडा होता. सदाहरित झाडाची पानं हिवाळ्यातही ऊन-वाऱ्यात पाणी सोडत राहतात. माती गोठली की मूळ ते परत आणू शकत नाही, आणि झाड थंडीनं नाही तर तहानेनं मरतं. तेव्हापासून माती गोठण्याच्या आधी, पाऊस झालेला नसेल तर, सगळ्या सदाहरितांना आणि याच वर्षी लावलेल्या झाडांना मी भरपूर पाणी देतो. त्यानंतरही कुंड्यांना पंधरा दिवसांतून एकदा बोट खुपसून पाहतो. सकाळी उशिरा, पारा शून्याच्या वर असताना थोडंसं पाणी. पानगळीच्या झाडांना त्याहून कमी.

कुंड्यांचा प्रश्न वेगळा का, तर मुळं ही फांद्यांइतकी काटक नसतात. जमिनीत त्यांना सगळीकडून मातीची ऊब असते. कुंडीत चारही बाजूंनी गार हवा. म्हणून जे झाड जमिनीत मजेत हिवाळा काढतं तेच कुंडीत मरू शकतं. सगळ्या कुंड्या घराच्या भिंतीलगत, वाऱ्याआड, एकमेकींना चिकटवून ठेवा. मोठ्या बाहेरच्या बाजूला, लहान आणि नाजूक मधे. मधल्या फटींत वाळलेली पानं कोंबा. कुंडीखाली विटेचे तुकडे देऊन ती जमिनीपासून उचला, म्हणजे भोक तुंबत नाही. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, आणि भाजलेल्या मातीची कुंडी पाणी पिऊन बसलेली असते. तडा जातो तो यामुळे. गोणपाट किंवा बुडबुड्यांचं प्लास्टिक गुंडाळायचं ते कुंडीला, झाडाला नव्हे. घरात न्यायची नाजूक झाडं आधी पानं उलटून तपासा. मावा, कोळी, पिठ्या ढेकूण आत गेले की उबेत दुपटीनं वाढतात. घरात त्यांना सगळ्यात उजेडाच्या खिडकीशी जागा, पाणी निम्मं, खत बंद.

डेलियाच्या वाफ्याला मात्र अजून हात लावू नका. पहिल्या दहिवरानं पानं काळी पडली की समजायचं वेळ झाली. वीतभर काडी ठेवून वरचं कापा, काडीपासून हातभर लांब काटेफावडं घालून कंद अलगद वर काढा. डेलियाचा डोळा कंदावर नसतो, काडीच्या बुडाशी मानेवर असतो. मान मोडली की कंद कितीही गुबगुबीत असला तरी फुटत नाही. माती झटका आणि चार-पाच दिवस काडी खाली करून उलटे ठेवा, पोकळ काडीत साठलेलं पाणी निथळून जातं. मग खोक्यात जेमतेम ओलसर भुसा किंवा वाळू घालून, पारा शून्याखाली जाणार नाही पण फार उबही नसेल अशा अंधाऱ्या जागी ठेवा. महिन्यातून एकदा उघडून बघा. कुजलेला कंद काढून टाका, सुरकुतलेल्यांवर दोन थेंब पाणी शिंपडा. तुमच्याकडे जमीन खोलवर गोठत नसेल आणि पाणी साचत नसेल तर कंद जागीच ठेवून वर वीतभर आच्छादन दिलं तरी निभावतं. भारी मातीत हा धोका पत्करू नका.

डेलिया निघाले की त्या वाफ्यात ट्युलिप लावा. वसंतात फुलणाऱ्या कंदांमध्ये ट्युलिपला उशीर मानवतो. माती नीट निवल्यावर लावले तर त्यांच्यावर येणारा करपा कमी लागतो. नार्सिसस खरं तर याआधी लावायला हवे होते, पण हातात असतील तर आजच लावा, पुढच्या वर्षापर्यंत ठेवलेला कंद वाळून जातो. खोली कंदाच्या उंचीच्या अडीच-तीन पट, ट्युलिपला वीतभर. टोक वर. या कंदांना फुलायला तीन-एक महिने थंडी लागतेच. थंडी मिळाली नाही तर फूल आतच खुरटतं. लसणाचंही तेच आहे. पाकळी आत्ता दोन इंच खोल, वीतभर अंतरावर लावली तर थंडी लागून गड्डा नीट पाकळ्यांत फुटतो. उशिरा लावली तर बऱ्याचदा कांद्यासारखा एकसंध गोळा मिळतो.

आता कात्री. लायलॅकच्या फांदीचं टोक जवळून पाहा, टपोरे डोळे दिसतील. ती पुढच्या वसंताची फुलं आहेत, उन्हाळ्यातच तयार होऊन बसलेली. आत्ता छाटलंत तर झाड मरणार नाही, पण वर्षभर फूल दिसणार नाही. वसंतात फुलणाऱ्या प्रत्येक झुडपाला हाच नियम: फुलून गेल्यावर लगेच छाटा, थंडीआधी नाही. मोठ्या गोल गुच्छांचा हायड्रेंजियाही मागच्या वर्षीच्या काडीवर फुलतो. वाळलेले गुच्छ तसेच राहू द्या, खालच्या डोळ्यांना त्यांचा आडोसा होतो. गुलाबाची खरी छाटणी हिवाळा सरताना डोळे फुगू लागले की करायची. आत्ता फक्त उंच काड्या तिसऱ्या हिश्श्यानं कमी करा, म्हणजे वाऱ्यानं झुडूप हलून बुडाशी खळगा पडणार नाही. खळग्यात पाणी साचून गोठतं आणि मान कुजते.

सफरचंद सगळी पानं उतरून झाड पूर्ण सुप्तावस्थेत गेल्यावर, कोरड्या दिवशी छाटा. ती वेळ अजून आलेली नाही आणि घाईही नाही, डोळे फुगण्याआधी केव्हाही चालेल. अर्धवट पानगळीत छाटलं तर जखम भरायची शक्ती नसते आणि ओल्या हवेत बुरशीचे बीजाणू भरपूर असतात. पुढे कधी आलुबुखार किंवा चेरी लावलीत तर त्यांना हिवाळ्यात कात्री लावूच नका. त्यांची छाटणी उन्हाळ्यात, कारण पान चंदेरी करणारी बुरशी थंड ओल्या दिवसांत ताज्या जखमेतून शिरते. फांदी कापताना खोडाशी तिच्या बुडाला जी फुगीर कड असते ती शाबूत ठेवून कापा. जखमेवर रंग किंवा डांबर फासू नका. अमेरिकेच्या वनखात्यातले संशोधक ॲलेक्स शिगो यांनी हजारो खोडं उभी चिरून अभ्यासली आणि १९७७ साली मांडलं, की झाडाची जखम आपल्यासारखी बरी होत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंती घालून त्याला कोंडतं. ती फुगीर कड म्हणजे भिंत घालण्याची जागा. वरून फासलेला लेप कूज थांबवत नाही, उलट ओल आत धरून ठेवतो.

कात्री हातात घ्यायचीच असेल तर छाटकलमं करा. या दिवसांतलं हे माझं सगळ्यात आवडतं काम. पानं गळताच या वर्षीची पेन्सिलीएवढी जाड, पक्व काडी घ्या. वीतभराहून थोडा मोठा तुकडा करा, खाली डोळ्याच्या लगेच खाली सरळ काप आणि वर डोळ्याच्या वर तिरका. पाणी निथळतं आणि वरची बाजू कोणती तेही कळतं. वाफ्याच्या कडेला फावड्यानं चीर पाडून तळाला थोडी वाळू टाका आणि काडीचा दोनतृतीयांश भाग मातीत जाईल अशी उभी करून माती दाबा. अंजीर, द्राक्ष, विलो, करंट (हे एक फळझुडूप), फोर्सिथिया यांना हे हमखास जमतं, गुलाबालाही बऱ्याचदा. माती कोमट असल्यामुळे काडीच्या बुडाशी गाठ धरते आणि वसंतात मुळं सुटतात. वसंतात पानं दिसली म्हणून उपटून पाहू नका. पुढची पानगळ होईपर्यंत ती तिथंच हवीत. मातीबिनाची, उघड्या मुळांची नवी झाडं लावायलाही हाच काळ. दोन-तीन तास मुळं पाण्यात भिजवा, खड्डा खोल न करता रुंद करा, आणि जिथे खोड रुंदावून मुळांत उतरतं ती जागा मातीच्या पातळीवर ठेवा.

बाहेरचा नळ बंद करून पाइप रिकामा करा. कात्री स्पिरिटनं पुसून, धार लावून, तेलाचा हात फिरवून ठेवा. फावड्याच्या दांड्याला जवसाचं तेल लावत असाल तर तेलाची चिंधी चुरगाळून फेकू नका; ती वाळताना तापते आणि आपोआप पेट घेऊ शकते. बाहेर सपाट पसरून वाळवा.

राहिलं कोपऱ्यातलं झुडूप. पेन्सिलीएवढ्या एका फांदीची साल नखानं जराशी खरवडा. आत ओलसर हिरवं दिसलं तर ते नुसतं पानं टाकून बसलं आहे. तपकिरी आणि कोरडं असेल तर वीतभर खाली येऊन पुन्हा खरवडा, असं करत बुडापर्यंत या. काडी वाकवूनही कळतं, जिवंत असेल तर लवते, मेलेली कट्कन मोडते. जिथून हिरवं सुरू होतं तिथं दोरा बांधून ठेवा, म्हणजे वसंतात कुठं छाटायचं ते शोधावं लागणार नाही. बुडापर्यंत कोरडंच लागलं तरी खाली मुळं जिवंत असू शकतात. कित्येक झुडपं जमिनीखालून नव्यानं फुटतात. माती कोरडी असेल तर एकदा पोटभर पाणी द्या, बुडाभोवती चार बोटं मोकळी सोडून पानांचं वीतभर आच्छादन घाला. वसंतात बाकीच्या झुडपांना पूर्ण पानं येऊन दीड महिना झाला आणि इथं बुडाशीही कोंब दिसला नाही, तरच फावडं घ्या.